साखर आटोक्यात असूनही हृदयाच्या धमन्या का तुंबतात?

शाहूपुरीकर

नमस्कार. माझ्या दाजींचे वय ५४ असून त्यांना मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली आहेत. ते कागलच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहेत, अंगाने सडपातळ आहेत, चहा बिनसाखरेचा घेतात आणि त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) गेली काही वर्षे ६.८ च्या आसपास राहिली आहे. सिगारेट-बिडी नाही; तंबाखूची पुडी मात्र खिशात असते. मागच्या महिन्यात हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या ईसीजीत येऊन गेलेल्या झटक्याच्या खुणा दिसल्या, टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या खालच्या भिंतीची हालचाल मंद आढळली आणि अँजिओग्राफीत तिन्ही धमन्यांमध्ये अडथळे निघाले. त्यांच्या छातीत कधी कळ आलेली नाही. गेल्या वर्षी जोतिबाच्या चैत्र यात्रेत त्यांना दम लागून दरदरून घाम फुटला होता, पण चैत्रातले ऊन म्हणून तो विषय तिथेच संपला.

घरात सगळ्यांना एकच प्रश्न पडला आहे की साखर आटोक्यात असताना हे झाले कसे. बायपास करावी की स्टेंट बसवावेत, याबद्दलही नातेवाइकांत दोन तट पडले आहेत. जाणकारांनी समजावून सांगावे.

निवृत्त_फिजिशियन

शाहूपुरीकर, छातीत कळ आली नाही यात नवल नाही. मधुमेह जुना झाला की हृदयाकडून वेदनेची जाणीव नेणाऱ्या नसाही क्षीण होतात आणि मग झटका येऊन गेला तरी रुग्णाला दम, घाम, मळमळ किंवा अकारण गळाठा एवढेच जाणवते, ज्याला आपल्याकडे सर्रास पित्त म्हटले जाते. जोतिबाच्या डोंगरावरचा घाम मला संशयास्पद वाटतो. मात्र झटका नेमका त्याच दिवशी आला असे आजच्या ईसीजीवरून कोणीही सांगू शकणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘साखर आटोक्यात होती’ हे विधान खरे असेल, पण हृदयाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या पाहणीतून रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचे हृदयविकाराशी असलेले नाते स्पष्ट झाले. त्याच पाहणीच्या आधारे १९७९ साली असे दाखवण्यात आले की मधुमेहींना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका इतरांपेक्षा दुप्पट ते तिप्पट असतो. पुढे १९९८ साली फिनलंडमधील एक अभ्यास फार गाजला. पूर्वी झटका न आलेल्या मधुमेहींपैकी २०.२ टक्के लोकांना सात वर्षांत झटका आला, तर मधुमेह नसलेल्या परंतु एकदा झटका येऊन गेलेल्यांपैकी १८.८ टक्के लोकांना तो पुन्हा आला. त्यावरून मधुमेहाचे निदान म्हणजे झटका येऊन गेल्यासारखेच, असे समीकरण आमच्या व्यवसायात रूढ झाले. नंतरच्या मोठ्या विश्लेषणांत ते सरसकट टिकले नाही. नुकताच मधुमेह झालेल्या माणसाचा धोका त्यापेक्षा बराच कमी असतो. पण मधुमेह दहा वर्षांहून जुना, जोडीला रक्तदाब किंवा तंबाखू, अशा रुग्णाला ते समीकरण आजही बहुतांशी लागू पडते, आणि आपले दाजी त्याच गटात बसतात.

धमनीच्या आत काय घडते तेही थोडक्यात सांगतो. धमनीच्या आतल्या नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साईड तयार होत असते आणि त्यामुळे धमनी सैल व गुळगुळीत राहते. वाढलेली साखर आणि शरीराने इन्सुलिनला न जुमानणे या दोहोंमुळे ते घटते. यकृतातून ट्रायग्लिसराइड या चरबीने भरलेले कण जास्त बाहेर पडतात, चांगले कोलेस्टेरॉल समजले जाणारे एचडीएल कमी होते आणि वाईट समजल्या जाणाऱ्या एलडीएलचे कण आकाराने लहान व दाट बनतात. एलडीएलचा आकडा फारसा वाढलेला दिसत नाही, पण त्याच आकड्यात कणांची संख्या जास्त असते आणि ते अस्तराखाली सहज शिरतात. भरीस भर म्हणून रक्तातील गुठळी बांधणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) अधिक चिकट होतात आणि झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची ताकद मंदावते. यातील बरेचसे निदानाच्या आधीच सुरू झालेले असते, कारण इन्सुलिनला दाद न देण्याची अवस्था साखर वाढण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून असते. म्हणजे आपण जी अकरा वर्षे मोजत आहात, ती केवळ साखरेची अकरा वर्षे आहेत.

पन्हाळा_पायवाट

डॉक्टरसाहेब, विवेचन उत्तम आहे, पण मग सामान्य रुग्ण असे विचारेल की साखर सांभाळूनही धमन्या तुंबणार असतील, तर ती सांभाळायची तरी कशाला? माझे वडील हाच युक्तिवाद करून दर रविवारी मिसळीनंतर जिलेबी मागवतात.

निवृत्त_फिजिशियन

वडिलांच्या युक्तिवादाला उत्तर आहे. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या यूकेपीडीएस या चाचणीत नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांची साखर काटेकोरपणे सांभाळल्यावर डोळे, मूत्रपिंड यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. हृदयाच्या झटक्यात १६ टक्के घट दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती अगदी काठावर अडली. चाचणी संपल्यावर दहा वर्षांनी, २००८ साली, त्याच रुग्णांचा पाठपुरावा जाहीर झाला, तेव्हा मात्र सुरुवातीपासून साखर सांभाळलेल्या गटात झटके १५ टक्क्यांनी कमी असल्याचे निश्चितपणे दिसले. साखर सांभाळण्याचे फळ हृदयाला मिळते, पण ते फार उशिरा मिळते आणि त्यासाठी सुरुवात लवकर करावी लागते.

दुसरी बाजूही पाहावी. २००८ सालच्याच अ‍ॅकॉर्ड या अमेरिकी चाचणीत, जुना मधुमेह असलेल्यांची तीन महिन्यांची साखर ६ च्या खाली आणण्याचा अट्टहास केला गेला आणि त्या गटात मृत्यू वाढल्यामुळे उपचाराचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. याउलट यूकेपीडीएसमध्येच रक्तदाब सरासरी १५४/८७ ऐवजी १४४/८२ वर ठेवल्याने मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. आजच्या मानाने १४४ हा आकडा काही फार चांगला नाही, तरीही एवढा फरक पडला. २००४ सालच्या कार्ड्स चाचणीत मधुमेहींना कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची केवळ १० मिलिग्रॅमची गोळी दिल्याने हृदय व मेंदूचे मोठे आघात ३७ टक्क्यांनी घटले. आणि डेन्मार्कच्या स्टेनो मधुमेह केंद्रात अवघ्या १६० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि आहार या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष दिल्यावर असे आघात सुमारे निम्म्यावर आले. माझ्या मते मधुमेह आणि हृदय या विषयात वाचण्याजोगा एकच अभ्यास निवडायचा झाला, तर तो हा छोटा अभ्यास निवडावा.

आकडेमोड

‘दुप्पट धोका’ हा शब्दप्रयोग ऐकून लोक एक तर घाबरतात किंवा दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे स्पष्टीकरण करतो. दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट, हे आधी विचारावे. पस्तिशीतल्या निरोगी माणसाचा मूळ धोका इतका लहान असतो की तो दुप्पट झाला तरी लहानच राहतो. साठीतल्या माणसाचा मूळ धोकाच मोठा असल्याने त्याची दुप्पट ही चिंतेची बाब ठरते.

दुसरे म्हणजे हे घटक एकमेकांत मिळवायचे नसून त्यांचा गुणाकार होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतील अभ्यासात, ज्याचे नेतृत्व सलीम यूसुफ यांनी केले, झटक्याची शक्यता धूम्रपानाने २.८७ पट, मधुमेहाने २.३७ पट आणि उच्च रक्तदाबाने १.९१ पट आढळली. हे तीन आकडे गुणून पाहावेत. उत्तर जवळपास १३ येते. तिन्ही घटक एकत्र असलेल्या लोकांत प्रत्यक्षात मोजलेला आकडाही १३.०१ होता. याच हिशेबाची उलट बाजू अशी की तिघांपैकी एक जरी काढून टाकला तरी धोका मोठ्या प्रमाणात कोसळतो. त्यामुळे दाजींच्या बाबतीत ‘मधुमेहाने झाले’ असे म्हणणे मला अपुरे वाटते. त्यांच्या खिशातल्या पुडीचा हिशेब कोणी केला आहे का?

शाहूपुरीकर

आकडेमोड, आपला प्रश्न रास्त आहे. तंबाखू चघळण्याने तोंडाचा कर्करोग होतो एवढेच आम्ही धरून चाललो होतो. धूर फुप्फुसात जात नसल्याने हृदयाचा प्रश्न येत नाही, अशीच आमची समजूत होती.

गडहिंग्लजची_सून

दादा, ही समजूत आमच्याही घरात आहे. माझ्या सासूबाई मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर बारीक करायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर व रात्री निजताना हिरड्यांना चोळत बसायचे, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा परिपाठ. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या मते मिश्री हे दात घासण्याचे साधन आहे. केसपेपरवर व्यसन या रकान्यात त्यामुळे कायम रेघ असते. त्यांनाही साखर आहे आणि रक्तदाबही आहे. अशा स्त्रियांचा धोका कसा मोजायचा, हे कृपया सांगावे.

निवृत्त_फिजिशियन

ताई, आपण फार मोलाचा मुद्दा मांडलात. आपल्या भागात स्त्रियांना तंबाखूबद्दल न विचारता मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारावे लागते, हे मी पहिल्या काही वर्षांतच शिकलो. बाहेरून आलेल्या तरुण डॉक्टरांना ते ठाऊक नसते. इंटरहार्टच्याच माहितीवर २००६ साली आलेल्या विश्लेषणात केवळ तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याची शक्यता २.२३ पट, तर चघळणे आणि ओढणे दोन्ही करणाऱ्यांना ४.०९ पट आढळली. मिश्रीचा तिथे वेगळा हिशेब नाही, पण हिरड्यांतून रक्तात जाणारे निकोटीन तेच आहे आणि त्याने नाडीचा वेग व रक्तदाब वाढतो, हे निर्विवाद आहे.

शिवाय स्त्रियांच्या बाबतीत मधुमेह अधिक कठोर वागतो. २०१४ साली साडेआठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात मधुमेहामुळे वाढणारा हृदयविकाराचा धोका पुरुषांत सुमारे दुप्पट, तर स्त्रियांत पावणेतीन पटींहून अधिक होता. पाळी जाईपर्यंत बाईला हृदयविकार होत नाही, हा दिलासा मधुमेह असलेल्या बाईला देऊ नये. सासूबाईंच्या पुढच्या केसपेपरवर मिश्रीची नोंद स्वतः करून घ्या आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी झाली आहे का ते पाहा. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन गळू लागणे ही सबंध शरीरातील रक्तवाहिन्यांच्या अस्तराची तक्रार असते. स्वस्तातली ही तपासणी दुर्दैवाने सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

गुळवे

माझे घराणे गुऱ्हाळाचे आहे, म्हणून विचारतो. साखरेऐवजी सेंद्रिय गूळ खाल्ल्यास मधुमेहींना बाधत नाही, त्यात लोह असते आणि आमच्या आजोबांना पंचाऐंशीव्या वर्षापर्यंत काही झाले नाही. हे सगळे खोटे आहे का?

आहारतज्ज्ञ_इचलकरंजी

गुळवेकाका, आपला गूळ उत्तम आहे याबद्दल दुमत नाही, पण मधुमेहींसाठी तो साखरच आहे. गुळाचा मोठा भाग सुक्रोजचाच असतो आणि रक्तातली साखर तो साखरेइतक्याच तडफेने वाढवतो. त्यात लोह असते हे खरे, परंतु ते पुरेसे मिळावे एवढा गूळ खाणे मधुमेहींना परवडणारे नाही. आपले आजोबा उन्हातान्हात फडावर राबत होते आणि आज त्यांचा नातू तोच गूळ दुकानाच्या गादीवर बसून खातो, हा फरकही हिशेबात धरावा.

येथे तालमीचाही उल्लेख करते. माझ्याकडे येणाऱ्यांत कुस्ती सोडलेले पण खुराक न सोडलेले बरेच जण असतात. रोजच्या हजारो जोर-बैठकांच्या हिशेबाने ठरलेले तूप, बदामाची थंडाई, कट्ट्यावरचे म्हशीचे दूध आणि मटण हे मेहनत थांबल्यावर पोटावर चढते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला माझा सरसकट विरोध नाही. आठवड्यातून एकदा, तेलाचा तवंग बाजूला सारून, वाट्यांवर वाट्या न रिचवता खावा. मिठाकडे मात्र कोणी पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी आहे. आपला खर्डा, पापड, लोणचे आणि फरसाण मिळून ती दुपारपर्यंतच ओलांडली जाते.

पन्हाळा_पायवाट

पण दाजी तर सडपातळ आहेत. त्यांना पोट नाही, खुराक नाही.

निवृत्त_फिजिशियन

सडपातळ या शब्दावर विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ असा एकसारखा होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. आपल्या लोकांत हात-पाय बारीक आणि चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती, अशी ठेवण सर्रास आढळते. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात. शर्ट इन केल्यावर पोट दिसत नाही, ही मोजणी नव्हे. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, उघड्या अंगावर लावावी. आणि झटका येण्याचे वयही दक्षिण आशियाई लोकांत लवकरचे आहे: इंटरहार्टमध्ये पहिल्या झटक्याचे मध्यवर्ती वय आपल्याकडे ५३, तर इतर देशांत ५८-५९ होते.

शाहूपुरीकर

काल दाजींची फाईल घेऊन बसलो. साखरेच्या चिठ्ठ्यांचा जाड गठ्ठा आहे, जेवणाआधीची व नंतरची अशा जोडीने टाचलेला, प्रत्येकीवर ताईने लाल पेनाने आकडा गोल केलेला. कोलेस्टेरॉलची तपासणी मात्र एकच सापडली, तीही तीन वर्षांपूर्वीची: एकूण २०६, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३४, एलडीएल १२४. एलडीएलसमोर ‘१३० पर्यंत सामान्य’ असे छापलेले आहे, म्हणून कोणी काही बोलले नसावे. रक्तदाब काही केसपेपरवर १४८/९२, काहींवर १५०/९०, आणि शेजारी ‘मीठ कमी’ एवढाच शेरा. लघवीच्या अल्ब्युमिनची तपासणी कधीच झालेली नाही. कंबर मोजली, ९६ सेंटिमीटर भरली.

निवृत्त_फिजिशियन

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच फाईलमध्ये आहे. प्रयोगशाळेच्या कागदावरची ‘सामान्य’ मर्यादा ही सर्वसाधारण लोकांसाठी छापलेली असते. जुना मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू असलेल्या माणसाला ती लागू होत नाही. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, ही मी वर वर्णन केलेली मधुमेहाची नेमकी जोडी आहे. अशा वेळी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून पाहावे. २०६ मधून ३४ गेले की १७२ उरतात आणि घातक कणांचा खरा भार त्यातून दिसतो. आता धमनीविकार सिद्ध झाल्यावर एलडीएल ५५ च्या खाली आणण्याचे युरोपीय मार्गदर्शक तत्त्व २०१९ पासून आहे आणि रक्तदाब १३०/८० च्या खाली अपेक्षित असतो. त्यासाठी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची, पुरेशी मात्रा लागते. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, हे खरे आहे, पण त्या भीतीने दाजींनी ती बंद करणे हा तोट्याचा सौदा ठरेल.

बायपास की स्टेंट, हे अँजिओग्राफीची सीडी पाहूनच ठरवावे लागेल. मी दिशा तेवढी सांगतो. मधुमेहींच्या धमन्यांतील अडथळे बहुधा एका ठिकाणी नसून लांबवर पसरलेले असतात. २०१२ साली फ्रीडम या चाचणीत एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेले १९०० मधुमेही घेतले होते. पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के होते. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त होते. म्हणून तिन्ही धमन्या बाधित, मधुमेह जुना आणि प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी असेल, तर कल बायपासकडे असतो. हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांचेही मत घ्या. दोन्ही उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रे पाहून घ्यावीत.

मधुमेहाच्या औषधांचाही फेरविचार करायला सांगा. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाने हृदयविकार असलेल्या मधुमेहींतील हृदयजन्य मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवल्याचे दिसल्यापासून औषध निवडताना केवळ साखर किती उतरते एवढेच पाहिले जात नाही.

पन्हाळा_पायवाट

माझ्या वडिलांना झटका आलेला नाही, मधुमेह मात्र आहे. शेजाऱ्यांचे ऐकून ते रोज अ‍ॅस्पिरिन घेतात. ते योग्य आहे का?

निवृत्त_फिजिशियन

झटका येऊन गेलेल्याला अ‍ॅस्पिरिन आवश्यक असते. मधुमेह असलेल्या पण धमनीविकार नसलेल्या १५ हजारांहून अधिक लोकांवर २०१८ साली पूर्ण झालेल्या चाचणीत मात्र आघात १२ टक्क्यांनी कमी झाले आणि गंभीर रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने घेण्याचे ते औषध नाही. वडिलांनी स्वतःहून सुरू केलेली गोळी त्यांच्या डॉक्टरांना दाखवावी, आणि जिलेबीचाही उल्लेख करावा.

शाहूपुरीकर

शेवटचा प्रश्न. भाचा २८ वर्षांचा आणि भाची २४ वर्षांची आहे. दोघांचीही अँजिओग्राफी करून घ्यावी, असे ताई म्हणते आहे.

निवृत्त_फिजिशियन

अँजिओग्राफीची गरज नाही. वडिलांना ५५ च्या आत किंवा आईला ६५ च्या आत धमनीविकार झाला, तर तो मुलांसाठी स्वतंत्र धोक्याचा घटक मानतात, आणि दाजी ५४ चे आहेत. दोघांचीही उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची साखर, संपूर्ण लिपिड प्रोफाईल, रक्तदाब आणि कंबर आताच पाहून घ्या. तीन महिन्यांची साखर ५.७ ते ६.४ निघाली तर ती मधुमेहपूर्व अवस्था समजावी. लायपोप्रोटीन-ए या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण तिचा आकडा बव्हंशी आनुवंशिक असून फारसा बदलत नाही. भाचीला पुढे गरोदरपणी मधुमेह झाला, तर बाळंतपणानंतर साखर उतरली म्हणून विषय सोडू नये, दर वर्षी तपासावी. आणि भाचा तंबाखू खातो का, हे ताईंच्या समोर विचारू नका; तुम्ही मामा आहात, बाहेर चहाला नेऊन विचारा.